कूलंट नेमकं कुठून गळतंय? नागपुरात जुनी स्पोर्ट्स कार घेतलेल्यांसाठी

मुंबई-पुण्याहून सेकंडहँड बॉक्स्टर, ऑडी टीटी किंवा मिनी कूपर एस नागपुरात आली, की पहिल्याच एप्रिल-मेमध्ये डॅशबोर्डवर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी झाल्याचा दिवा लागण्याची शक्यता बरीच असते. गाडी तिकडे तर नीट चालत होती, मग इथे येऊन काय बिघडलं? बहुतेक वेळा नवीन काहीच बिघडलेलं नसतं. बारीक गळती आधीपासून असते, नागपूरचं ऊन ती उघडी पाडतं.

हिशोब करून बघा. कूलंट १०० अंशांवर आणि बाहेरची हवा २५ वर असेल, तर रेडिएटरला ७५ अंशांचा फरक मिळतो. बाहेर ४५ झाले की हा फरक ५५ उरतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकद पाव हिश्श्याने गेली. त्यात एसी पूर्ण जोरात, आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेली. त्यामुळे दाब बराच वेळ वरच्या टोकाला राहतो आणि दहा-पंधरा वर्षं जुनं प्लास्टिक जिथे कमजोर असेल तिथे सुटतं.

माझा आग्रह एकच आहे. ओली जागा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही पार्ट मागवू नका. "वॉटर बॉडी बदलून टाका भाऊ, तिथूनच असते," हे गॅरेजमध्ये तुम्हाला नक्की ऐकवतील. वॉटर बॉडी म्हणजे कूलंट फिरवणारा वॉटर पंप. कधी ते खरंही निघतं. पण अशा गाडीचा पंप बाहेरून मागवायचा म्हणजे पैसेही जातात आणि आठवडेही. तो बसवल्यावर गळती झाकणाच्या रबरातून निघाली, तर बोलणार कोणाला?

आधी गाडी थंड होऊ द्या

कूलंटची यंत्रणा कुकरसारखी दाबाखाली चालते. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळेल. झाकणाने एक बार दाब धरला, की तेच १२५ च्या पुढेपर्यंत उकळत नाही. गरम इंजिनाचं झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो, आत सगळं एकदम उकळतं आणि वाफेसकट तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा जाड होज हाताने दाबून बघा. तो मऊ आणि कोमट लागला तरच झाकणाला हात लावा, तोही जाड फडक्यातून आणि हळूहळू. मे महिन्यात दुपारी उभी केलेली गाडी संध्याकाळीही पुरती थंड झालेली नसते, म्हणून हे काम पहाटे करा. पंख्यांपासूनही बोटं लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

खरंच गळतंय का?

गाडीखाली पाणी दिसलं म्हणजे कूलंटच असं नाही. उन्हाळ्यात नागपुरातली प्रत्येक गाडी एसीचं पाणी टपकवते. ते पाण्यासारखंच पातळ असतं, त्याला रंग-वास नसतो आणि वाळल्यावर मागे काही उरत नाही. कूलंट बोटांना किंचित चिकट, बुळबुळीत लागतं. त्याला गोडसर वास असतो आणि वाळलं की पांढरी, गुलाबी किंवा हिरवट खरपुडी राहते. चव घेऊन खात्री करायचा शहाणपणा करू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

मग कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा. पहाटे, गाडी सपाट जागी उभी असताना, कूलंट जिथे आहे तिथे बारीक चिकटपट्टी लावायची आणि रोज त्याच वेळी, त्याच जागी बघायचं. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये घेतलेलं माप कामाचं नाही. पातळी आठवडाभर जागची हलली नाही आणि दिवा तरीही लागत असेल, तर सेन्सरवर संशय घ्या. टाकीच्या बुडाशी असलेला हा सेन्सर गाळाने किंवा वयाने खोटं बोलू लागतो. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातम्या झाल्या आणि नंतर तो सेन्सरच बिघडलेला निघाला. गाडीतही आकडा दिसला की आधी तो दाखवणाऱ्याची तपासणी करावी.

तापमानाच्या काट्यावर मात्र विसंबू नका. आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. फोक्सवॅगन गटाच्या कित्येक गाड्यांत कूलंट साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान कुठेही असलं तरी काटा ९० वरच दिसतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडीच्या सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाइलवर खरा आकडा बघा. चालत्या गाडीत ८५ ते १०५ ही बहुतेकांची नेहमीची मजल आहे. चालता चालता एसी अचानक गार हवा देईनासा झाला, तर तोही इशारा समजा. इंजिन जास्त तापलं की कॉम्प्युटर आधी कॉम्प्रेसर बंद करतो.

डाग खाली, उगम वर

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं किंवा खोक्याचा पुठ्ठा पसरा, त्यावर चारही चाकांच्या जागा पेनाने आखा आणि सकाळी ओला डाग कुठे पडला ते बघा. यातून गळतीचा परिसर कळतो, जागा नाही. स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली सपाट प्लास्टिकचे पत्रे असतात. कूलंट वरून त्या पत्र्यावर पडतं, वेगात वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि भलत्याच भोकातून टपकतं. हे पत्रे काढल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही.

त्यासाठी गाडी उचलावी लागते. खाली बसलेली गाडी साध्या जॅकवर घ्यायची तर आधी चाकं दोन लाकडी फळ्यांवर चढवा, मग जॅक आत जातो. जॅक कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच लावा. उचलल्यावर घोड्या (वजन पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नका, नुसत्या जॅकवर कधीच नाही. शक्य असेल तर सरळ दोन खांबांचा लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये तासभर जागा मागून घ्या. हिंगण्याकडे किंवा वर्धा रोडवर अशी गॅरेजं शोधली तर मिळतात.

आता टॉर्च घेऊन सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. कूलंट खाली आणि मागे जातं, म्हणून उगम नेहमी त्याच्या वर आणि पुढे असतो. वाळलेली खरपुडी ओल्या डागापेक्षाही बोलकी असते. गरम धातूवर कूलंट लगेच उडून जातं, खरपुडी मात्र महिनोन्‌महिने राहते.

कुठे बघायचं ते गाडीवर अवलंबून आहे. बॉक्स्टर आणि केमनमध्ये इंजिन मध्यभागी, टाकी मागच्या डिकीत आणि रेडिएटर अगदी पुढे, दोन्ही पुढच्या चाकांच्या समोर असतात. एस मॉडेलमध्ये मधोमध तिसराही असतो. त्यामुळे पुढून मागे लांबलचक पाइप जातात आणि साध्या हॅचबॅकच्या कित्येक पट कूलंट मावतं. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरची प्लास्टिकची टाकी तडकण्याबद्दल बदनाम आहे. मागच्या डिकीतलं कार्पेट उचलून हात फिरवा. ओलसर लागलं तर शोध बहुधा तिथेच संपतो.

या गाड्यांच्या रेडिएटरांना आणखी एक रोग आहे. पुढच्या बंपरच्या तोंडातून सुकी पानं आत जातात आणि कंडेन्सर व रेडिएटरच्या मधल्या फटीत कोंबली जातात. सिव्हिल लाइन्स किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडांखाली गाडी उभी राहत असेल, तर पानगळीनंतर आत काय साठलं असेल त्याची कल्पना करा. पावसाळ्यात तोच पाचोळा भिजून कुजतो आणि ॲल्युमिनियम खातो. बंपर खोलून ही फट वर्षातून एकदा साफ करणं हा मला या सगळ्यातला सर्वात स्वस्त इलाज वाटतो, आणि लोक नेमका तोच टाळतात.

ऑक्टाव्हिया व्हीआरएस, पोलो जीटीआय आणि नव्या पिढीच्या टीटीमधल्या टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनांत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) एकाच प्लास्टिकच्या खोक्यात, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला असतात. हे खोकं गळू लागलं की कूलंट गिअरबॉक्सच्या सांध्यावर येतं आणि वरवर बघणारा ते ऑइल सील समजून बसतो. छोटा आरसा किंवा मोबाइलला जोडायचा लवचीक कॅमेरा आत घालून बघा. मिनी कूपर एसमध्ये थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक घराकडे आधी जा. कुठलीही गाडी असली तरी पंपाच्या शाफ्टखालचं बारीक भोक जरूर बघावं. पंपाचं सील गेलं की तिथून पाझर फुटावा म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

प्रेशर टेस्ट

नुसतं बघून जागा सापडली नाही तर दाब द्यायचा. हातपंप, त्यावर मीटर आणि टाकीच्या तोंडावर बसणारा अडॅप्टर एवढंच हे साधन. ट्रकांची कामं करणाऱ्या रेडिएटरवाल्याकडे पंप मिळेल, पण युरोपीय गाडीच्या आट्यांच्या झाकणाचा अडॅप्टर बहुधा नसेल. अडॅप्टरांचा पूर्ण संच ऑनलाइन मिळतो. दोन-तीन मित्रांनी मिळून घेतला तर तो कोणालाच जड जात नाही.

झाकणावर दाब छापलेला असतो. १४० लिहिलं असेल तर तो १.४ बार. थंड इंजिनावर तेवढाच दाब द्या, जास्त नाही. उत्साहात दोन बारपर्यंत पंप मारणारे लोक धडधाकट टाकी फोडून ठेवतात. दाब दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. काटा जागेवर राहिला तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरला तर टॉर्च घेऊन पुन्हा सगळे सांधे बघा, आता धार किंवा थेंब दिसायला हवा. सगळं शांत असेल तर कान लावा. बारीक फुसफुस ऐकू येते.

थंड टेस्टमध्ये काहीच निघालं नाही तरी खेळ संपलेला नसतो. काही तडे धातू आणि प्लास्टिक तापून फुगल्यावरच उघडतात. म्हणून गाडी नेहमीच्या तापमानाला आणा, बंद करा, झाकण सुरक्षितपणे उघडता येईल इतकी निवू द्या आणि कोमट अवस्थेत पुन्हा दाब द्या. याच्या उलटही होतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० च्या आसपास गेला की रबर आणि क्लिप आकसतात, सकाळी दोन थेंब पडतात आणि दुपारपर्यंत सगळं कोरडं. अशी गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून भल्या पहाटेच तपासावी लागते.

झाकणाचीही टेस्ट त्याच पंपावर होते. ठरलेला दाब ते धरत नसेल तर कूलंट कमी तापमानाला उकळतं आणि टाकीच्या तोंडाने बाहेर फेकलं जातं. बाकी यंत्रणा ठणठणीत असूनही गाडी "पाणी पिते". झाकण स्वस्त आहे. संशय असेल तर मूळ कंपनीचं नवं घ्या. ओलं झाल्याशिवाय पार्ट नाही, या माझ्या नियमाला एवढा एक अपवाद.

दाबानेही भागलं नाही तर कूलंटमध्ये घालायचा यूव्ही रंग आणि निळसर टॉर्च कामी येतो. रंग घालून दोन-चार दिवस गाडी चालवा आणि मग अंधारात बघा. गळतीची वाट हिरवी-पिवळी चमकते.

बाहेर सगळं कोरडं, तरी पातळी उतरते

मग कूलंट आत कुठेतरी जातंय. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल, तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर. एक्झॉस्टमधून गरम इंजिनावरही पांढरा, गोड वासाचा धूर येत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. मात्र थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा फेस दिसतो, तेवढ्यावर घाबरू नका. डिपस्टिकवरचं ऑइलही बघा.

हेड गॅस्केटची खात्री ब्लॉक टेस्टने होते. टाकीच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी लावून वरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. नळीत कूलंट ओढलं जाऊ नये म्हणून आधी पातळी थोडी खाली घ्यावी. प्रेशर टेस्टरनेही अंदाज येतो. दाब शून्यावर ठेवून थंड इंजिन सुरू करा. काही सेकंदांतच काटा झपाट्याने वर गेला, तर ते तापल्यामुळे नाही, सिलिंडरमधून आहे. इथून पुढचं काम घरच्या अंगणात करायचं नाही. गाडी चालवायचीही नाही.

दुरुस्ती

होज फुगला असेल, मऊ पडला असेल किंवा टोकाला चिरला असेल तर पूर्ण बदला. टोक कापून पुन्हा बसवण्याने चार महिने निघतात, एवढंच. स्प्रिंगची मूळ क्लिप काढून स्क्रूची क्लिप लावायची गॅरेजवाल्यांना फार हौस. स्प्रिंग क्लिप होज फुगला-आकसला तरी तेवढीच पकड ठेवते. स्क्रूची क्लिप जास्त आवळली की प्लास्टिकच्या तोंडाला तडा जातो आणि नवी गळती सुरू होते. मूळ क्लिपच परत वापरा.

टाकी तडकली तर नवीच घ्या. एम-सील लावून गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही, पण दाब आणि उष्णता मिळून ते सुटणारच. रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची बाजू यांच्या सांध्यातून पाझर असेल तर तोही बदलायचाच. ट्रकच्या पितळी रेडिएटरसारखा झाळ देण्याचा प्रयोग इथे चालत नाही. आणि ओतायची ती "स्टॉप लीक" पावडर किंवा द्रव शेल्फवरच राहू द्या. भोक बुजवता बुजवता ते हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं. नागपूरच्या मेमध्ये अर्धा बुजलेला रेडिएटर परवडत नाही.

वॉटर बॉडी काढलीच तर थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि ओ-रिंग सोबत नवे घ्या. मजुरी तीच लागते. पार्ट मॉडेलच्या नावावर मागवू नका, चेसिस नंबरवर मागवा. एकाच वर्षाच्या दोन टीटींमध्ये वेगळा पंप असू शकतो. प्लास्टिकच्या घराचे बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), पुस्तकातल्या आकड्यावरच आवळा.

भरणं आणि हवा काढणं

कूलंट रंगावरून निवडू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, आतली रसायनं वेगळी. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं हिरवं आणि नव्या पद्धतीचं गुलाबी एकत्र केलं तर गाळ धरू शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला दर्जा बघा. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना जी १२ इव्हो किंवा जी १३ असं स्पष्ट लिहिलेलं सापडेल. आधी आत काय होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मगच नवं भरा.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, साधं पाणी चालतं," असं म्हणणारे भेटतील. कूलंट गोठू न देण्यासाठी जेवढं, तेवढंच ते गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायलाही असतं. बोअरचं पाणी तर अजिबात नको. त्याचा क्षार आत पांढरा थर धरतो. निम्मं-निम्मं मिश्रण ठेवा. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका.

हवा काढणं हा खरा कस आहे, विशेषतः इंजिन मध्यभागी आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाडीत. लांब पाइपात हवेचा बुडबुडा अडकला की कूलंट भरलेलं दिसूनही इंजिन तापतं. बॉक्स्टरसारख्या गाडीत व्हॅक्यूम फिलर वापरा. आधी यंत्रणेतली हवा ओढून घ्यायची आणि त्याच ओढीने कूलंट आत घ्यायचं. काही मिनिटं व्हॅक्यूम टिकतो का तेही बघा, दुरुस्तीची परीक्षा तिथेच होते. इलेक्ट्रिक पंपाच्या बीएमडब्ल्यूमध्ये इंजिन सुरू न करता पंप चालवून हवा काढायची वेगळी रीत आहे, ती मॅन्युअलप्रमाणेच करा. बाकी गाड्यांत हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, पातळी बघत बघत भरता येतं.

जुनं कूलंट गटारात ओतू नका. गटारातून ते नाग नदीत जाईल, आणि त्याच्या गोडसर चवीला भुलून कुत्री-मांजरं चाटतात नि मरतात. सांडलेलंही भरपूर पाण्याने धुऊन काढा. काढलेलं बंद कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या.

पहिली फेरी

पोटाखालचे पत्रे अजून लावू नका. संध्याकाळी फुटाळ्याच्या बाजूने एक फेरी, मग रिंग रोडवर सिग्नलच्या गर्दीत थोडा वेळ, मोबाइलवर आकडा बघायला शेजारी कोणीतरी बसलेलं. गर्दीत उभ्याने आकडा चढून पंखा लागल्यावर उतरायला हवा. गाडी वेगात पळत असताना चढत असेल तर पाचोळा, अडकलेली हवा किंवा थर्मोस्टॅट. समृद्धी महामार्गावर १२० च्या मर्यादेने तासन्‌तास चालवायची घाई करू नका. आधी शहरात दोन-तीन वेळा पूर्ण तापून निवू द्या आणि दर पहाटे चिकटपट्टीच्या खुणेशी पातळी ताडून बघा. पहिल्या एक-दोन वेळा थोडी उतरते, ती अडकलेली हवा निघाल्यामुळे. तेवढं भरा. त्यानंतरही उतरत राहिली तर प्रेशर टेस्टचा पंप पुन्हा जोडा.

कधी रस्त्यात बुटीबोरीच्या पलीकडे दिवा लागलाच, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करा. बॉनेटवर किंवा इंजिनावर गार पाणी मारू नका, तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो. पुरती थंड झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर टाकून पातळी आली आणि तिथेच टिकली, तर ओबीडीवर नजर ठेवत हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पाणी टाकताच खालून धार लागली तर फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा, आणि फोनवरच सांगा की गाडी खाली बसलेली आहे, चढवायला फळ्या लागतील.